मुळांभोवतीची शेती



पिकाच्या वाढीस साहाय्य करणारे सूक्ष्मजीव हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. या विषयाच्या मांडणीत बहुधा सूक्ष्मजीवांची यादी दिली जाते, प्रत्येकाचे गुण सांगितले जातात आणि अमुक पाकीट अमुक पिकाला वापरावे असा सल्ला देऊन विषय संपवला जातो. येथे सुरुवात एका अडचणीपासून करणे अधिक योग्य ठरेल. जिवाणू खते महाराष्ट्रातील शेतकऱ्यांपर्यंत पोहोचून आता बरीच वर्षे झाली, चारही कृषी विद्यापीठांनी त्यांच्या शिफारशी केल्या, खत नियंत्रण आदेशात त्यांची मानके आली. तरीही ‘वापरून पाहिले, पण फरक काही दिसला नाही’ असे गावोगावी ऐकू येते. हा दोष कोणाचा? जिवाणूंचा, ते विकणाऱ्याचा, ते वापरणाऱ्याचा, की ज्या मातीत ते सोडले गेले त्या मातीच्या अवस्थेचा? हे जीव दुकानात खताच्या गोणीशेजारी ठेवले जातात, त्यांची किंमत खताप्रमाणेच पाकिटावर छापली जाते; परंतु खत विरघळते, आणि हे जीव मात्र खातात, श्वास घेतात, वाढतात किंवा उपासमारीने मरतात, एवढा साधा भेद व्यवहारात विसरला गेला, आणि बहुतेक अपयशांचे मूळ या विसरण्यात आहे, हा प्रस्तुत व्याख्यानाचा मुख्य मुद्दा आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे, कारण या शास्त्राचा पाया बाजाराने घातलेला नाही, तो एका जुन्या कोड्यातून घातला गेला. कडधान्यानंतर घेतलेले पीक जोमदार येते हे शेतकऱ्यांना शतकानुशतके ठाऊक होते. ते का येते हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते. जर्मनीतील हेलरीगेल आणि विल्फार्ट यांनी निर्जंतुक केलेल्या वाळूत ओट आणि वाटाणा वाढवून पाहिला. ओटची वाढ दिलेल्या नत्राच्या प्रमाणातच होत राहिली. वाटाणा मात्र निर्जंतुक वाळूत उपाशी राहिला, आणि त्याच वाळूत शेतातील मातीचा थोडा अर्क मिसळताच त्याच्या मुळांवर गाठी आल्या व नत्र न देताही तो वाढू लागला. १८८६ मध्ये हे निष्कर्ष जाहीर झाले, आणि १८८८ मध्ये हॉलंडच्या बायरिंक यांनी त्या गाठींतील जिवाणू वेगळा काढून दाखवला. पुढे १९०४ मध्ये लोरेन्झ हिल्टनर यांनी ‘ऱ्हायझोस्फिअर’ ही संज्ञा वापरात आणली. मुळांच्या प्रभावाखाली असलेला मातीचा पातळ थर, असा तिचा अर्थ. वनस्पती प्रकाशसंश्लेषणातून जी साखर तयार करते तिचा काही वाटा ती मुळांवाटे बाहेर सोडते, त्या साखरेवर, आम्लांवर आणि प्रथिनांच्या तुकड्यांवर जगण्यासाठी जिवाणू व बुरशी मुळांभोवती गोळा होतात, आणि म्हणून मुळापासून काही मिलिमीटर अंतरावरील मातीत असलेली जीवांची गर्दी लांबच्या मातीत आढळत नाही. म्हणजे पीक स्वतःच्या अन्नातून या जीवांना पोसते. कोणतेही पीक हा खर्च विनाकारण कशाला करील?

या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर कडधान्यांच्या मुळांवरील गाठींत मिळते. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्रवायूचा आहे, परंतु त्याच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असल्यामुळे वनस्पतीला तो जसाच्या तसा वापरता येत नाही. हा बंध कारखान्यात तोडण्यासाठी हेबर आणि बॉश यांच्या पद्धतीत ४०० ते ५०० अंश सेल्सियस तापमान आणि वातावरणाच्या शेकडो पट दाब लागतो. सोयाबीनच्या मुळावरील ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठीत तेच काम जमिनीच्या नेहमीच्या तापमानाला होते. नायट्रोजिनेज नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, हे काम करते. हे विकर प्राणवायूच्या संपर्काने निकामी होते, आणि जिवाणूला जगायला तर प्राणवायू हवाच. हा पेच वनस्पती सोडवते. गाठीत ती माणसाच्या रक्तातील हिमोग्लोबिनशी नाते सांगणारे लेगहिमोग्लोबिन तयार करते, ते प्राणवायूला धरून ठेवते आणि जिवाणूला मोजून मापून पुरवते. निरोगी गाठ कापली असता आत गुलाबी ते तांबूस रंग दिसतो तो या द्रव्याचा. पांढरी किंवा हिरवट गाठ काम करीत नसते. प्रयोगशाळेत न जाता, एका नखाने, शेतात उभे राहून करता येण्याजोगी ही तपासणी आहे, आणि ती फार थोड्या ठिकाणी केली जाते ही खेदाची गोष्ट आहे.

मात्र कोणताही जिवाणू कोणत्याही मुळाशी हे नाते जोडत नाही. मूळ फ्लेव्होनॉइड या वर्गातील द्रव्ये सोडते, योग्य जिवाणू ती ओळखून उलट संकेत पाठवतो, मग मुळाचा केस वळतो आणि जिवाणूला आत शिरण्याची वाट मिळते. हरभऱ्याचा जिवाणू वेगळा, भुईमुगाचा वेगळा, सोयाबीनचा त्याहून वेगळा. हरभरा भारतात हजारो वर्षे पिकत आला असल्यामुळे त्याचे जिवाणू अनेक जमिनींत मुळातच वस्तीला आहेत. सोयाबीन हे पूर्व आशियातून आलेले पीक, विदर्भ-मराठवाड्यात ते मोठ्या क्षेत्रावर अलीकडच्या काही दशकांत पसरले, आणि त्याचा ब्रॅडीरायझोबियम हा जिवाणू नव्या जमिनीत बाहेरूनच आणावा लागतो. म्हणून ‘बीजप्रक्रियेचा फायदा होतो का’ या प्रश्नाला सर्व पिकांसाठी एकच उत्तर असू शकत नाही. जेथे योग्य जिवाणू आधीच भरपूर आहे तेथे फरक कमी दिसेल. जेथे तो नाही तेथे फरक डोळ्यांना दिसेल. ब्राझीलने हे फार लवकर ओळखले. योहाना डोबेराइनर यांच्यासारख्या शास्त्रज्ञांच्या आग्रहामुळे तेथे सोयाबीनच्या जाती आणि जिवाणूंचे वाण यांची निवड एकत्र केली गेली, आणि सोयाबीनच्या एका टन दाण्यामागे सुमारे ८० किलो नत्र लागत असूनही त्या देशातील सोयाबीन आज जवळजवळ रासायनिक नत्राविना पिकते. आपल्याकडे मात्र पीक पिवळे दिसले की युरिया फेकण्याची घाई होते. जमिनीत तयार नत्र मुबलक मिळाले की रोप गाठी बांधण्याचा खर्चच टाळते, हे तेव्हा लक्षात घेतले जात नाही.

आता पाकिटाचा हिशेब. खत नियंत्रण आदेश १९८५ मध्ये २००६ साली जैविक खतांचा समावेश झाला, आणि त्यानुसार भुकटीच्या रूपातील रायझोबियम, म्हणजे गाठी बांधणाऱ्या जिवाणूंच्या, खतात दर ग्रॅमला किमान ५ कोटी, तर द्रवरूप खतात दर मिलिलिटरला किमान १० कोटी जिवंत जिवाणू असणे बंधनकारक आहे. सर्वसाधारण शिफारस १० किलो बियाण्यास २५० ग्रॅमची. १० किलो सोयाबीनमध्ये साधारण ८० ते ९० हजार दाणे असतात. म्हणजे पाकीट मानकाप्रमाणे असेल आणि त्यातील सारे जिवाणू बियाण्याला चिकटले असे धरले, तर प्रत्येक दाण्याच्या वाट्याला सुमारे दीड लाख जिवाणू येतात. सोयाबीनसाठी दाण्यामागे किमान १ लाख जिवाणू असावेत असे मानले जाते. गणित जेमतेम जुळते, हे ध्यानात यावे. आता हेच पाकीट मे महिन्यात विदर्भातील पत्र्याच्या गोदामात पडून राहिले, त्यातील जिवाणू शंभरातील एक एवढेच उरले, तर दाण्याच्या वाट्याला दीड हजार येतात, आणि जमिनीतील स्थानिक, चिवट पण निरुपयोगी जिवाणूंच्या गर्दीत त्यांचा निभाव लागत नाही. शेतकऱ्याने पाकीट विकत घेतले, गुळाच्या पाण्यात कालवले, बियाण्याला चोळले, सावलीत वाळवले, सारे शास्त्रशुद्ध केले. आणि त्याने बियाण्याला चोळले ते काय? काळी भुकटी. त्यानंतर त्याने ‘फरक दिसला नाही’ म्हटले तर त्याला अज्ञानी ठरवण्याचा अधिकार कोणाला आहे?

बीजप्रक्रियेचा क्रमही येथेच सांगून ठेवला पाहिजे, कारण त्यातील चूक उरलेले जिवाणू मारते. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि सर्वांत शेवटी, पेरणीच्या थोडे आधी, जिवाणू खत. काही बुरशीनाशके जिवाणूंना घातक असल्यामुळे दोन्ही एकाच बादलीत कालवण्याची सवय मोडावी लागेल. याला फार विस्ताराची गरज नाही.

स्फुरदाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचीही. दख्खनच्या काळ्या पाषाणापासून झालेल्या येथील जमिनीत चुन्याचे प्रमाण पुष्कळ, सामू बहुतेक ठिकाणी ७.५ ते ८.५ च्या दरम्यान. अशा जमिनीत घातलेल्या सुपर फॉस्फेटमधील स्फुरदाचा मोठा भाग चुन्याशी बांधला जाऊन अडकून पडतो. हा अडकलेला स्फुरद मोकळा करण्यासाठी स्फुरद विरघळवणारे जिवाणू, ज्यांना शेतकरी पीएसबी म्हणून ओळखतात, वापरले जातात. प्रयोगशाळेत हे जिवाणू पांढऱ्या फॉस्फेटच्या थरावर वाढवले की ते आम्ले सोडतात आणि त्यांच्याभोवती स्वच्छ वलय उमटते. ज्याचे वलय मोठे तो जिवाणू चांगला, अशी निवड अनेक वर्षे होत आली. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. चुनखडीयुक्त काळी जमीन आम्लाला निष्प्रभ करण्यात अत्यंत समर्थ असते, आणि बशीत सहज वलय पाडणाऱ्या जिवाणूचे तेच आम्ल शेतात पोहोचताच चुन्यावर खर्च होऊन जाते. काचेच्या बशीवरून काळ्या रानाचा अंदाज बांधणे ही या शास्त्रातील मोठी त्रुटी आहे, आणि ती दूर करायची तर निवड याच जमिनीच्या आम्लरोधी परिस्थितीत व्हायला हवी. महाराष्ट्रात कृषी अणुजीवशास्त्राचे विद्यार्थी दरवर्षी बाहेर पडतात, पुण्यात राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रहासारखी संस्था आहे. अशा वेळी विदर्भातील भारी जमिनीसाठी, मराठवाड्यातील मध्यम जमिनीसाठी आणि कोकणातील आम्लधर्मी जांभ्या जमिनीसाठी वेगवेगळे वाण का निवडले जाऊ नयेत?

स्फुरदाच्याच बाबतीत निसर्गाने योजलेला दुसरा मार्ग बुरशीचा आहे. १८८५ मध्ये आल्बर्ट बेर्नहार्ड फ्रांक यांनी ज्या सहजीवनाला मायकोरायझा हे नाव दिले, त्यातील पिकांशी संबंधित प्रकार भूचर वनस्पतींपैकी सुमारे ७० टक्के जातींत आढळतो, आणि सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही त्याच्या खुणा सापडल्या आहेत. मातीत स्फुरद जवळजवळ हलतच नाही. मूळ आपल्या लगतचा एक-दोन मिलिमीटरमधील स्फुरद संपवते आणि पुढचा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. बुरशीचे धागे मुळाच्या केसांपेक्षाही बारीक असतात, ते या रिकाम्या पट्ट्यापलीकडे जाऊन स्फुरद आणि जस्त आणतात व बदल्यात पिकाकडून साखर घेतात. पण ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. शेत वर्षातील सात-आठ महिने उघडे पडले, नांगरट वारंवार झाली, स्फुरदाचा भरमसाट मारा झाला, तर धाग्यांचे जाळे तुटते आणि पीक त्यांना आश्रय देणे कमी करते. मोहरी आणि कोबीच्या कुळातील पिके तर हे नाते जोडतच नाहीत. त्यामुळे मायकोरायझाचा विचार पाकिटाच्या आधी पीक-पद्धतीपासून सुरू व्हायला हवा.

अ‍ॅझोटोबॅक्टर आणि अ‍ॅझोस्पिरिलम यांच्याविषयी थोडक्यात सांगता येईल. हे मुक्तपणे किंवा मुळांच्या सान्निध्यात राहून नत्र स्थिर करतात, परंतु त्यांनी स्थिर केलेल्या नत्राचे जे मोठमोठे आकडे विक्रीपत्रकांत छापले जातात त्यांच्यावर विसंबणे धोक्याचे आहे. या जिवाणूंचा खरा लाभ बहुधा ते निर्माण करीत असलेल्या ऑक्सिनसारख्या वाढ-संप्रेरकांमुळे मुळे फुटण्यात आणि पसरण्यात आहे. उसाच्या पेरांतच राहणारा आणि १९८८ मध्ये ब्राझीलमध्ये वर्णन झालेला जिवाणू आपल्याकडे अ‍ॅसिटोबॅक्टर या जुन्या नावानेच ओळखला जातो. मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने त्याचा बेणेप्रक्रियेसाठी प्रसार केला. भातखाचरातील नीलहरित शेवाळ नत्र पुरवते हे पी. के. डे यांनी १९३० च्या दशकातच दाखवले होते.

रोगांपासून संरक्षण हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय होईल. तूर आणि हरभऱ्याचा मर रोग फ्युजारियम या बुरशीमुळे होतो, ती जमिनीत वर्षानुवर्षे टिकते आणि उभ्या पिकावर फवारणी करून तिच्यापर्यंत पोहोचता येत नाही. तेथे ट्रायकोडर्मा उपयोगी पडते. ही बुरशी दुसऱ्या बुरशीला वेढून तिचे अन्न शोषते हे १९३२ मध्येच वाइंडलिंग यांनी दाखवले; शिवाय ती मुळांभोवतीची जागा आणि अन्न आधी व्यापते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे ‘बायोमिक्स’ हे सूक्ष्मजीवांचे मिश्रण हळद, आले आणि फळबागांच्या शेतकऱ्यांमध्ये जो विश्वास मिळवू शकले, त्यामागे विद्यापीठाच्याच प्रयोगशाळेतून ताजा माल मिळणे हे मोठे कारण आहे. ट्रायकोडर्मा शेणखतात मिसळून, ओलावा राखून, मग जमिनीत घालण्याची शिफारस केली जाते. शेणखत कशासाठी? कारण तिला खायला हवे.

आणि येथेच या विषयाचा गाभा येतो. नीलहरित शेवाळ वगळता वरील प्रत्येक जीव सेंद्रिय कर्बावर जगतो. महाराष्ट्रातील कोरडवाहू जमिनींत सेंद्रिय कर्ब अनेक ठिकाणी अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे, बैल गेले तसे शेणखत कमी झाले, पऱ्हाट्या आणि तुराट्या जाळल्या जातात, आणि ऊस तुटल्यावर फडाला काडी लावली जाते. ज्या रानात जीवांना खाण्यासाठी काही ठेवलेले नाही तेथे बाहेरून आणलेले जीव किती दिवस टिकतील? उसाच्या पाचटाचाच विचार करावा. एका हेक्टरातून साधारण ८ ते १० टन पाचट निघते. ते जाळले की कर्ब धुरात जातो, वरच्या थरातील जीव भाजतात, आणि हाती थोडी राख उरते. ते न जाळता सरीत दाबून कुजवायचे, तर नत्राचा प्रश्न उभा राहतो: पाचटात कर्ब पुष्कळ आणि नत्र अत्यल्प, कुजवणाऱ्या जीवांच्या शरीराला मात्र दर आठ-दहा भाग कर्बामागे एक भाग नत्र हवा असतो, आणि तो पाचटात न मिळाल्यास ते जमिनीतून उचलतात व खोडवा काही काळ पिवळा पडतो. म्हणूनच हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे १० किलो जिवाणू अशी शिफारस राज्यात प्रचलित आहे. या शिफारशीत एक मोठी शिकवण दडलेली आहे. रासायनिक खत आणि सूक्ष्मजीव यांना परस्परांचे वैरी मानून जे वाद होतात, ते शेताच्या बांधावर टिकत नाहीत. येथे युरिया हे जिवाणूंचेच खाद्य आहे, आणि ते खाऊन जिवाणू जमिनीला कर्ब परत करतात.

जीवामृताचाही विचार याच दृष्टीने व्हायला हवा. विदर्भातून देशभर पोहोचलेल्या सुभाष पाळेकर यांच्या शेतीपद्धतीत शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती पाण्यात आंबवली जाते. सूक्ष्मजीवशास्त्राच्या भाषेत हे स्थानिक जीवांचे संवर्धनच आहे: गूळ ऊर्जा देतो, बेसन प्रथिने देते, आणि शेण व माती बीजरूप जीव पुरवतात. शेतकऱ्याने स्वतःच्या अंगणात, नगण्य खर्चात, ताजे जीव तयार करावेत ही कल्पना मोलाची आहे, कारण पाकिटाला पडलेला साठवणुकीचा प्रश्न तिला पडत नाही. तथापि प्रत्येक पिंपात कोणते जीव वाढले हे निश्चित नसते, आणि नव्या पिकाचा विशिष्ट जिवाणू जर त्या मातीतच नसेल तर तो जीवामृतातही येणार नाही. सोयाबीनला नव्याने सुरुवात करणाऱ्या रानात जीवामृत हे ब्रॅडीरायझोबियमची जागा घेऊ शकत नाही. श्रद्धेने वापरणारे आणि तुच्छतेने नाकारणारे, दोघेही हा भेद नजरेआड करतात.

मग करावे काय? पाकिटावर उत्पादनाची आणि मुदतीची तारीख असतेच. परंतु विक्रीच्या दिवशी त्यात जिवंत जीव किती आहेत हे मोजण्याची व्यवस्था पेरणीपूर्वी, तालुक्याच्या पातळीवर, कृषी सेवा केंद्राच्या फळीवरून नमुने उचलून व्हायला हवी. कारखान्याच्या दारातील नमुना उत्तीर्ण होणे पुरेसे नाही. जिवाणू खते विकणाऱ्या प्रत्येक केंद्रात थंड जागेची सक्ती असावी. साखर कारखाने, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि कृषी महाविद्यालये यांनी आपापल्या परिसरात लहान निर्मिती केंद्रे चालवली तर मे महिन्यातील लांबचा प्रवासच टळेल. २०२१ पासून जैव-उत्तेजके नावाचा स्वतंत्र वर्ग खत नियंत्रण आदेशात आला आहे. वाढीला चालना देणारी द्रव्ये आणि जिवंत जीव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे विक्रेत्याने ग्राहकाला सांगितलेच पाहिजे. आणि पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या काळ्या रानात, जेथे हवेअभावी गाठी गुदमरतात, तेथे रुंद वरंबा-सरी पद्धतीने पाण्याला वाट करून देणे हे कोणत्याही पाकिटाइतकेच महत्त्वाचे जिवाणू-संगोपन आहे.

शेतकऱ्याच्या हातात असलेली तपासणीही सोपी आहे. पेरताना चार ओळींचे बियाणे जिवाणू न लावता वेगळे पेरावे, आणि प्रक्रियेच्या वेळी हात किंवा भांडी यांतून त्यात जिवाणू जाऊ नयेत म्हणून ते आधी पेरावे. सोयाबीन ४० ते ४५ दिवसांचे, फुलोऱ्याच्या सुमारास आले की दोन्ही भागांतून पाच-पाच रोपे कुदळीने मातीच्या गड्ड्यासह काढावीत. उपटली तर गाठी जमिनीतच तुटून राहतात. मुळे बादलीभर पाण्यात हलक्या हाताने धुवावीत, गाठी मोजाव्यात, दहा गाठी नखाने फोडून आतला रंग पाहावा आणि तो वहीत लिहावा. मुख्य मुळाच्या वरच्या भागात गाठींचा घोस आणि आत तांबूस रंग असेल तर बियाण्याला लावलेले जिवाणू पोहोचले. गाठी थोड्या, पांढऱ्या आणि दूरच्या बारीक मुळांवर विखुरलेल्या असतील, तर पाकीट, बुरशीनाशक, तुंबलेले पाणी आणि युरिया या चौघांची चौकशी सुरू करावी, आणि ती वही घेऊन कृषी सहायकाकडे जावे.